'एदुयोत' : पराभूत मताची साक्ष

यहुदी समाजांतील अंतर्गत वादांविषयीं दोन समजुती सर्वत्र आढळतात. पहिली अशी कीं, हा समाज जात्याच वादप्रिय असून मतभेद गोडीनें सोसण्याची कला त्यास वारशानें मिळाली आहे. तालमुदाच्या पानोपानीं दोन पंडित भांडतात आणि दोघेहि पूज्य राहतात, हें तिचें प्रमाण. दुसरी समजूत नेमकी उलट आहे. बहिष्कार, ग्रंथदाह आणि एकमेकांस पाखंडी ठरविणें हाच या समाजाच्या इतिहासांतील खरा धागा, आणि तालमुदांतील सौजन्य हा मागाहून दिलेला मुलामा, असें ती म्हणते. आज इस्रायलांत व बाहेर या समाजांतील पक्षभेद तीव्र झाले असतां दोन्ही समजुती आपापल्या सोयीनें पुढें केल्या जातात. दोहोंसहि कागदांचा आधार आहे, परंतु दोन्ही अपुऱ्या आहेत. मतभेद कोणी केला आणि किती त्वेषानें केला एवढेंच त्या पाहतात. निकाल लागल्यावर हरलेल्या पक्षाच्या म्हणण्याचें काय झालें, हें पाहत नाहींत. दप्तरांशीं व पोथ्यांशीं ज्यांचा नित्य संबंध त्यांस हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटेल. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं एका लहान ग्रंथाची चिकित्सा येथें केली आहे व तिच्या आधारें पुढील कांहीं प्रसंगांची परीक्षा केली आहे.

(१) ग्रंथ व त्याची वेळ

मिश्ना ही यहुदी धर्मशास्त्राची सूत्ररूप संहिता होय. रब्बी येहुदा हा-नासी यानें ती इ. स. २०० च्या सुमारास गालील प्रांतांत सिद्ध केली. तिचे ६ विभाग व ६३ प्रकरणग्रंथ आहेत. त्यांपैकीं चौथ्या विभागांतील 'एदुयोत' हा प्रकरणग्रंथ ८ अध्यायांचा आहे. नांवाचा अर्थ 'साक्षी' असा. इतर प्रकरणग्रंथ बहुधा विषयवार लाविलेले आहेत. हा मात्र साक्ष देणाऱ्यांच्या नांवांनीं लाविलेला आहे. त्यामुळें शुद्धाशुद्ध, विवाह, पीक, यज्ञ असे नाना विषय त्यांत शेजारीं शेजारीं येतात. मिश्नेवरील चर्चा, जीस गेमारा म्हणतात, ती या ग्रंथापुरती ना बाबिली तालमुदांत आहे, ना यरुशलेमी तालमुदांत. मिश्नेचा पहिला छापील संपूर्ण पाठ १४९२ त नेपल्स येथें निघाला; परंतु अभ्यासक ज्या पोथीस विशेष मान देतात ती डाव्हिड काउफमान या संग्राहकाच्या संग्रहांतील असून बुडापेस्ट येथील हंगेरियन विद्वत्सभेंत आहे.

हा ग्रंथ कोणत्या प्रसंगीं जुळविला गेला याविषयीं दोन परंपरा आहेत, आणि दोन्ही बोलक्या आहेत. इ. स. ७० त रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर उध्वस्त केल्यावर शास्त्रीमंडळी याब्ने या गांवीं जमली. 'तोसेफ्ता' या पुरवणीसंहितेंत सांगितलें आहे कीं, पुढें एक काळ असा येईल कीं, मनुष्य शास्त्रवचन शोधील व तें त्यास सांपडणार नाहीं, अशी भीति त्यांस वाटली. म्हणून हिल्लेल व शम्माय यांच्यापासून आरंभ करून मतें गोळा करण्याचें ठरलें. दुसरी परंपरा बाबिली तालमुदांतील. सभापति रब्बान गमलिएल यानें रब्बी येहोशुआचा भर सभेंत अपमान केला, म्हणून सभेनें त्यासच पदावरून काढलें. विद्यालयाच्या दारावरचा पहारेकरी दूर झाला, आंत पुष्कळ नवीं बांकें घालावीं लागलीं, आणि त्याच दिवशीं 'एदुयोत' म्हटली गेली. विशेष हें कीं, पदच्युत गमलिएल त्या दिवशींहि चर्चेस येऊन बसला व पुढें येहोशुआच्या घरीं जाऊन त्यानें क्षमा मागितली. दुसरी कथा अक्षरशः इतिहास आहे असा आमचा आग्रह नाहीं. तथापि, पराभूत मतांच्या या संग्रहाचा जन्म कोणत्या दिवशीं झाला असावा असें पुढच्या पिढ्यांस वाटलें, तें तीवरून निश्चित कळतें. एकीकडे नाशाचें भय आणि दुसरीकडे उघडलेलें दार, अशा दोन कारणांनीं हा संग्रह झाला.

(२) विणकरांची साक्ष

पहिल्याच अध्यायांत वाद येतो तो स्नानकुंडाच्या पाण्याचा. भरून आणलेलें पाणी किती पडलें असतां कुंड निरुपयोगी होतें, याविषयीं हिल्लेल एक माप सांगतो, शम्माय दुसरें. सभेस दोन्ही मान्य होत नाहींत. इतक्यांत यरुशलेमच्या उकिरडा-वेशीकडून दोन विणकर येतात आणि शमाया व अब्ताल्योन या पूर्वीच्या दोघां आचार्यांच्या नांवानें तिसरेंच माप सांगतात. सभा त्यांचें म्हणणें स्वीकारते. वेस उकिरड्याची, धंदा हलका समजला जाणारा, आणि समोर दोन महापंडित. तरीहि साक्ष खरी ठरली म्हणून ती मान्य झाली.

ग्रंथकार येथें थांबून विचारतो कीं, दोघां आचार्यांचीं मतें जर निरुपयोगी ठरलीं, तर तीं लिहून ठेवण्याचें प्रयोजन काय? याचें पहिलें उत्तर असें दिलें आहे कीं, जगाचे पितर म्हणावे असे हे दोघे जर आपल्या मताला चिकटून राहिले नाहींत, तर पुढील पिढ्यांतील कोणीहि चिकटून राहूं नये, हें शिकविण्यासाठीं. नंतर प्रश्न व्यापक होतो. निर्णय जर बहुमतानेंच होतो, तर एकट्याचें मत बहुमताशेजारीं कां नोंदावें? येथें दुसरें उत्तर मिळतें: पुढील एखाद्या न्यायसभेस तें मत पटलें, तर तिला त्याचा आधार घेतां यावा म्हणून. लगेच रब्बी येहुदाचें तिसरें उत्तर येतें, आणि तें याच्या अगदीं विरुद्ध आहे. पुढें कोणी मला परंपरेनें असें ठाऊक आहे म्हणून पुढें आला, तर तूं ऐकलेंस तें अमक्याचें नाकारलेलें मत होय, असें त्यास सांगतां यावें म्हणून, असें तो म्हणतो.

या तीन उत्तरांकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे. एकाच्या मतें नोंद ही नम्रतेचा धडा आहे. दुसऱ्याच्या मतें ती उघडी ठेविलेली खिडकी आहे. तिसऱ्याच्या मतें तोच कागद दार बंद करण्याचा पुरावा आहे. म्हणजे वाद कां नोंदावा याविषयींच वाद आहे, आणि संपादकानें तोहि नोंदविला आहे. यावरून पहिल्या समजुतीस एक मर्यादा पडते. अल्पमताची नोंद करणारे सर्वच उदारबुद्धीनें ती करीत होते असें म्हणतां येत नाहीं. रब्बी येहुदास त्या मतास पुन्हां जीव येऊं द्यावयाचा नव्हता. परंतु उद्देश कोणताहि असो, तिघांचें कृत्य एकच राहिलें: मत टिकलें, मत मांडणाराचें नांव टिकलें. नोंद करणाराचा हेतु त्याच्याबरोबर जातो, नोंद मागें राहते, आणि तिचा उपयोग कसा करावयाचा हें पुढचा वाचक ठरवितो. दप्तरखान्यांत काम केलेल्या कोणासहि हें वेगळें सांगावयास नको.

(३) अकाब्याचें मृत्युसमयींचें सांगणें

निश्चितपणा आणि नम्रता यांचा मेळ कसा बसतो, हें या ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांतील एका प्रकरणावरून दिसतें. अकाब्या बेन महालालेल यानें चार बाबतींत सभेविरुद्ध साक्ष दिली. सभा म्हणाली, हीं चार मतें मागें घे. आम्ही तुला न्यायसभेचें श्रेष्ठ पद देऊं. त्यानें नाकारलें. पदासाठीं मत बदललें असें लोक म्हणतील, त्यापेक्षां जन्मभर मूर्ख म्हणवून घेणें बरें, अशा अर्थाचें त्याचें उत्तर आहे. पुढें एका पूर्वींच्या निवाड्याविषयीं बोलतांना त्यानें शमाया व अब्ताल्योन यांस लागेल असा शब्द काढला. तेव्हां त्यास बहिष्कृत केलें, तो बहिष्कारांतच मेला, आणि न्यायसभेनें त्याच्या शवपेटीवर दगड मारविले. येथेंहि रब्बी येहुदा मध्येंच बोलतो: अकाब्यासारख्या शहाण्या व पापभीरु पुरुषावर बहिष्कार पडणें शक्यच नाहीं, बहिष्कृत झाला तो दुसराच कोणी. ग्रंथांत दोन्ही पाठ शेजारीं उभे आहेत.

मरणसमयीं अकाब्या मुलास सांगतो कीं, तूं माझीं तीं चार मतें सोड. मुलगा साहजिकच विचारतो, मग आपण कां सोडलीं नाहींत? बाप उत्तर देतो कीं, मीं तें अनेकांच्या तोंडून ऐकलें होतें, त्यांनींहि तें अनेकांच्या तोंडून ऐकलें होतें. मी माझ्या परंपरेस धरून राहिलों, ते त्यांच्या. तूं मात्र एका बाजूस एकट्याचें ऐकलें आहेस व दुसऱ्या बाजूस अनेकांचें. तेव्हां अनेकांस धरून राहणें तुला योग्य. मग मुलगा म्हणतो, आपल्या सोबत्यांजवळ माझी शिफारस करा. तेंहि अकाब्या नाकारतो. तुझीं कृत्येंच तुला त्यांच्या जवळ नेतील किंवा दूर नेतील, असें सांगतो.

हें प्रकरण बोधकथा म्हणून वाचलें तर त्याचें मर्म हरवतें. अकाब्याची खात्री शेवटपर्यंत ढळलेली नाहीं. आपलें चुकलें असें तो म्हणत नाहीं. परंतु त्याची खात्री पुराव्याच्या प्रमाणांत आहे. ज्या पुराव्यावर ती उभी होती तो मुलापाशीं नाहीं, म्हणून तीच खात्री मुलास वारसा म्हणून देण्याचा हक्क आपणांस नाहीं, हें त्यास कळतें. पक्षभेद पिढ्यान्‌पिढ्या चालतात ते बहुधा उलट कारणानें: बापानें पुराव्यावरून धरलेलें मत मुलगा केवळ बापाचें म्हणून धरतो, आणि पुरावा जितका लांब जातो तितका आवेश वाढतो. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्या सभेनें अकाब्यास बहिष्कृत केलें, तिच्याच वारसांनीं हा संवाद जपला आहे, आणि त्यांत मोठा दिसतो तो अकाब्या.

(४) नोंद कितपत खरी ?

आतां एक आक्षेप राहतो. प्रतिपक्षाचें मत विजयी पक्षानें लिहिलें, तर तें खरें कशावरून? आपल्याकडे चार्वाकांचें मत आपणांस कळतें तें मुख्यतः त्यांच्या विरोधकांनीं मांडलेल्या पूर्वपक्षांतून, आणि तें किती यथार्थ आहे याची शंका नेहमीं राहते. मिश्नेच्या बाबतींत मात्र ही परीक्षा घेण्याचें एक साधन विसाव्या शतकांत हातीं आलें.

मिश्नेच्या 'यादायिम' या प्रकरणग्रंथांत सादुकी पक्षाचे परुशी पक्षावरील कांहीं आक्षेप दिले आहेत. त्यांत एक असा: शुद्ध भांड्यांतून अशुद्ध भांड्यांत द्रव ओतला असतां ती धार शुद्ध आहे असें तुम्ही कां म्हणतां? हा आक्षेप इतका सूक्ष्म आहे कीं, वाचकास तो विरोधकाची थट्टा म्हणून रचिलेला वाटावा. परंतु १९५२ त मृतसमुद्राकांठीं कुम्रान येथील चौथ्या गुहेंत ज्या चर्मपत्रांचे तुकडे मिळाले, त्यांत एका पत्ररूप लेखाच्या सहा त्रुटित प्रती निघाल्या. त्याचें प्रमाणभूत प्रकाशन १९९४ त झालें. हें पत्र यरुशलेमच्या रूढ आचारापासून वेगळ्या झालेल्या गटानें लिहिलेलें आहे, आणि त्यांत वीसएक वादविषय मांडलेले आहेत. त्यांत ओतलेल्या द्रवाच्या धारेचा विषय आहे, व मिश्ना ज्या बाजूनें सादुकींचें मत सांगते त्याच बाजूनें तें तेथें मांडलें आहे. पत्र लिहिणारे सादुकीच होते किंवा कसें, हा वाद अभ्यासकांत चालू आहे. त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. मिश्नाकारांनीं ज्या पक्षाशीं वैर धरिलें त्या बाजूचें एक बारीक मत त्यांनीं खोटें पाडून लिहिलें नाहीं, एवढें मात्र सुमारें १८०० वर्षांनंतर प्रतिपक्षाच्याच कागदावरून सिद्ध झालें.

या पत्राची भाषाहि पाहण्यासारखी आहे. आम्ही बहुजनांपासून वेगळे झालों आहों हें तें लपवीत नाहीं. तथापि ज्यास लिहिलें आहे त्याच्या ठायीं शहाणपण व ज्ञान आहे हें मान्य करून, तुमच्या व तुमच्या लोकांच्या हितासाठीं लिहितों, असा त्याचा सूर आहे. त्याच गुहांतील इतर लेखांत, विशेषतः हबक्कूक ग्रंथाच्या टीकेंत, विरोधी पुढाऱ्यांचीं नांवें टाकून त्यांस केवळ दूषणवाचक पदव्या दिलेल्या आहेत. जेथें पत्रांत विषयवार मुद्दे होते, तेथें टीकेंत प्रतिपक्षाचा मुद्दाच दिसेनासा होतो व केवळ त्याचें दुष्टपण उरतें. वैर कितपत वाढलें हें मोजण्याचें हें एक चांगलें माप आहे.

(५) तलवार आणि विवाह

दुसऱ्या समजुतीस आधार नाहीं असें मात्र नव्हे. हिल्लेल व शम्माय यांच्या शिष्यशाखांविषयीं तालमुदांत जी सुप्रसिद्ध आकाशवाणी सांगितली आहे, तिच्यांत दोन्ही शाखांचीं वचनें ईश्वराचींच ठरविलीं असून आचार मात्र हिल्लेलशाखेप्रमाणें ठरविला आहे. कारण ती शाखा सौम्य होती, स्वतःच्या मताबरोबर प्रतिपक्षाचें मतहि शिकवी, इतकेंच नव्हे तर प्रतिपक्षाचें आधीं सांगे. हा उतारा सर्वत्र दिला जातो. परंतु ज्या दिवशीं शम्मायशाखेनें बहुमतानें अठरा निर्बंध ठरविले, त्या दिवसाची हकीकत फारसे लोक देत नाहींत. बाबिली तालमुद म्हणतो कीं, विद्यालयांत तलवार रोविली होती, येणारास येऊं देत, जाणारास जाऊं देत नसत. आणि तो दिवस सोन्याचें वासरूं घडविलें त्या दिवसाइतका वाईट होता. यरुशलेमी तालमुद याहून पुढें जातो: शम्मायचे शिष्य खालीं उभे राहून हिल्लेलच्या शिष्यांस मारीत होते असें तो स्पष्ट लिहितो. यरुशलेमी तालमुदाची जवळजवळ संपूर्ण अशी एकच पोथी आज उपलब्ध आहे. ती १२८९ त लिहिलेली असून लायडन येथें आहे. ती नष्ट झाली असती, तर ही साक्ष कितपत उरली असती हें सांगवत नाहीं.

रब्बी एलिएझेराची कथाहि अशीच अर्धी सांगितली जाते. एका विशिष्ट भट्टीच्या शुद्धतेविषयीं तो एकटा पडला. त्याच्या बाजूनें झाड हललें, पाट उलटा वाहिला, आकाशवाणी झाली. तेव्हां रब्बी येहोशुआनें उठून सांगितलें कीं, शास्त्र आतां आकाशांत राहिलेलें नाहीं. येथें टाळी वाजवून लोक थांबतात. पुढें तालमुद सांगतो कीं, एलिएझेरानें शुद्ध ठरविलेल्या वस्तु त्या दिवशीं जाळल्या, त्यास बहिष्कृत केलें, आणि त्याच्या दुखावलेल्या मनाच्या प्रार्थनेनें त्याचा मेहुणा गमलिएल मेला. कथाकार बहुमताचा निर्णय चुकीचा म्हणत नाहीं. परंतु निर्णयाबरोबर जी क्रूरता झाली तिचा हिशेब तो चुकता करतो. आणि त्या भट्टीविषयीं एलिएझेराचें मत? तें 'एदुयोत' मध्यें नांवानिशीं आहे. माणूस बाहेर घातला गेला, मत आंत राहिलें.

या सर्वांत महत्त्वाचा उतारा आम्हांस 'येबामोत' च्या पहिल्या अध्यायांतील वाटतो. निपुत्रिक मेलेल्या भावाच्या स्त्रीसंबंधींच्या नियमांत दोन शाखांचा असा मतभेद होता कीं, एकीच्या दृष्टीनें वैध असलेल्या विवाहाची संतति दुसरीच्या दृष्टीनें विवाहास अपात्र ठरावी. तरीहि दोन्ही शाखांत सोयरिकी चालू होत्या असें मिश्ना सांगते. हें कसें शक्य झालें? बाबिली तालमुदांतील एक स्पष्टीकरण असें कीं, ज्या घराण्यांत दुसऱ्या शाखेस अडचण येईल तेथें ते एकमेकांस आधींच कळवीत. म्हणजे मत कोणी सोडलें नाहीं व प्रतिपक्षास फसविलेंहि नाहीं. दोन निश्चित मतांचे लोक एका समाजांत कसे राहूं शकतात, याचें याहून व्यवहार्य उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

(६) एकाच पानावर दोन मतें

पुढील ग्रंथकारांविषयीं थोडक्यांत. मोशे बेन मैमोन (मृत्यु १२०४) यानें चौदा खंडांची धर्मसंहिता लिहिली, ती मतभेद व नांवें गाळून, केवळ निर्णय देऊन. ऑक्सफर्ड येथें तिची एक पोथी आहे, तिच्यावर मूळ प्रतीशीं ताडून पाहिल्याचा त्याच्या हातचा शेरा व सही आहे. पोस्केएर येथील अब्राहाम बेन डाव्हिड यानें लागलीच आक्षेप घेतला कीं, आधार व नांवें न देतां निर्णय दिल्यास वाचकानें आपली परंपरा सोडून या एकट्याचें कां ऐकावें? हे आक्षेप फार कडक शब्दांत आहेत. आणि आज मैमोनची संहिता छापली जाते ती त्या आक्षेपांसह, एकाच पानावर. तसेंच योसेफ कारो याचें 'मांडलेलें ताट' या अर्थाच्या नांवाचें निर्णयपुस्तक १५६५ त व्हेनिस येथें छापलें गेलें. पोलंडमधील आचार त्यांत नाहींत असें पाहून क्राको येथील मोशे इसर्लेस यानें त्यावर टीपा लिहिल्या व त्यांस 'ताटाखालचें वस्त्र' या अर्थाचें नांव दिलें. दोन प्रांतांतील दोन आचार एकाच पुस्तकांत वेगळ्या टाइपांत उभे राहिले, आणि म्हणूनच तें पुस्तक दोन्ही प्रांतांत चाललें.

(७) जेथें नोंदच बंद झाली

याच्या उलट उदाहरणें आम्स्टरडॅम येथील पोर्तुगीज यहुदी समाजांत मिळतात. उरिएल दा कोस्ता यानें मौखिक परंपरा व आत्म्याचें अमरत्व नाकारणारें पुस्तक १६२४ त छापलें. तें जाळलें गेलें व पुढें साडेतीनशें वर्षें नष्ट झालें असेंच मानलें गेलें. तथापि त्याचें म्हणणें अगदींच बुडालें नाहीं, कारण सामुएल दा सिल्वा यानें १६२३ त त्याच्या हस्तलिखिताचें खंडन छापलें, त्यांत मूळचे तीन अध्याय उद्धृत केले होते. शेवटीं १९९० त कोपनहेगन येथील राजग्रंथालयांत मूळ पुस्तकाची एक प्रत सांपडली. दा सिल्वानें प्रामाणिक विरोधकाचें काम केलें. ज्यांनीं जाळलें त्यांच्याविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

त्याच समाजाच्या ठरावबुकांत २७ जुलै १६५६ ची पोर्तुगीज भाषेंतील नोंद आहे, तिनें २३ वर्षांच्या बारूख स्पिनोझास बहिष्कृत केलें. तींत शाप विस्तारानें आहेत; त्याच्याशीं बोलूं नये, चार हातांच्या आंत जाऊं नये, त्यानें लिहिलेलें कांहींहि वाचूं नये असे निर्बंध आहेत. परंतु त्याचें मत काय होतें, हें त्या नोंदींत नाहीं. भयंकर पाखंड व अघोर कृत्यें एवढाच उल्लेख आहे. त्यामुळें स्पिनोझा त्या दिवशीं नेमकें काय म्हणत होता, याचा तर्क अभ्यासक अजून करीत आहेत. 'एदुयोत' चें पान आणि हें पान शेजारीं ठेवून पाहावें. दोन्ही ठिकाणीं सभेस आपल्या निर्णयाची खात्री आहे. पहिल्या पानावर आरोपीचें म्हणणें वाचतां येतें. दुसऱ्यावर केवळ सभेचा राग वाचतां येतो. कोणत्या सभेचा न्याय आज तपासून पाहतां येतो, हें सांगावयास नको.

पूर्व युरोपांत १७७२ त विल्ना येथून हसिदी पंथावर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हांहि असेंच झालें. हसिदींचे पुढारी मेंदेल व श्नेउर झाल्मान विल्नाचा थोर पंडित एलिया याच्याकडे चर्चेसाठीं गेले असतां त्यानें दार उघडलें नाहीं. दोन्ही बाजूंनीं एकमेकांचे ग्रंथ जाळल्याचे उल्लेख आहेत, आणि १७९८ त विरोधकांच्या चहाडीवरून श्नेउर झाल्मान रशियन सरकारच्या तुरुंगांत पडला. पुढें एकोणिसाव्या शतकांत नवशिक्षणाच्या भयानें दोन्ही पक्ष जवळ आले. म्हणजे जी समजूत दार उघडून होऊं शकली असती, ती तिसऱ्याच्या भीतीनें व्हावी लागली.

(८) कोंकणांतील साक्षीदार

या प्रश्नाचा एक धागा आपल्या कोंकणांत येतो. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने-इस्रायल लोक मराठी बोलणारे. तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली' या नांवानें ओळखले गेलेले. इस्रायल राष्ट्र झाल्यावर त्यांतील पुष्कळ लोक तिकडे गेले. तेथें कांहीं रब्बींनीं शंका काढली कीं, पूर्वीं यांच्यांत घटस्फोट व निपुत्रिक भावाच्या विधवेसंबंधींचे विधि शास्त्रोक्त होत होते किंवा नाहीं. नसल्यास त्यांच्याशीं विवाह कसे करावे? म्हणजे ज्या विषयावर हिल्लेल व शम्माय यांच्या शाखा भांडल्या आणि तरीहि सोयरिकी करीत राहिल्या, तोच विषय. मुख्य रब्बीसभेनें १९६१ त विवाहास मोकळीक दिली. परंतु १९६२ त अशा वधुवरांच्या मातृकुलाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी अशी सूचना विवाहनोंदकांस गेली. बेने-इस्रायलांनीं निदर्शनें केलीं. ऑगस्ट १९६४ मध्यें इस्रायलच्या लोकसभेंत, हे लोक सर्व बाबतींत यहुदीच होत अशी भूमिका सरकारनें मांडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनेंतून या समाजाचें नांव काढण्यांत आलें. ज्यांच्याविषयीं शंका असेल अशा कोणासहि ती लागू राहिली.

येथें उकिरडा-वेशीचे ते दोन विणकर आठवतात. त्यांच्यापाशीं लेखी पुरावा नव्हता. आम्हीं असें ऐकलें आहे, एवढेंच ते सांगत होते, आणि त्यावर दोन महापंडितांचीं मतें बाजूस पडलीं. कोंकणांतील तेल्यांपाशींहि बहुधा मौखिक परंपराच होती. त्यांची साक्ष आधीं ऐकून, तिची नोंद करून, मग शंका काढली असती, तर तें 'एदुयोत' च्या रीतीस धरून झालें असतें. शंका आधीं लिहिली गेली, साक्ष रस्त्यावर येऊन द्यावी लागली.

निष्कर्ष

वरील कागदांवरून आमच्या मतें तीन गोष्टी ठरतात. पहिली, यहुदी परंपरा वाद सोसते हें म्हणणें सरसकट खरें नाहीं. तिच्या कांहीं ग्रंथांनीं वाद नोंदण्याची एक शिस्त लाविली, आणि ती शिस्त जेथें पाळली तेथेंच वाद सोसला गेला. दुसरी, ही शिस्त पाळण्यासाठीं खात्री सोडावी लागत नाहीं. हिल्लेलशाखा, अकाब्या, कारो व इसर्लेस हे सर्व निश्चित मताचे होते; आपल्या निश्चितपणासाठीं दुसऱ्याचा कागद नाहींसा करण्याची गरज त्यांस वाटली नाहीं, एवढेंच. तिसरी, नोंद म्हणजे सौजन्य नव्हे. अकाब्याच्या शवपेटीवर दगड पडलेच, एलिएझेर एकटा पडलाच. परंतु त्यांच्यावर झालेला अन्याय आपणांस कळतो तो त्याच नोंदीमुळें, आणि त्या अन्यायाची भरपाई कधीं काळीं व्हावयाची झाल्यास तीहि त्याच नोंदीवरून होईल.

ज्यांच्या हातीं जुनीं दप्तरें आहेत त्यांनीं यावरून स्वतःपुरता एक नियम काढावा. कोणत्याहि वादाचा संग्रह करतांना निकालपत्राआधीं हरलेल्या पक्षाची कैफियत शोधावी, आणि ती मिळाल्यास जिंकलेल्या पक्षाच्या कागदाशेजारींच ती ठेवावी.